तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

दिवाळीच्या सुमारास धाडच्या माझ्या दवाखान्यात केसांचे रुग्ण वाढतात. त्यात अभ्यंगस्नानाच्या तेलाचा काही दोष नसतो, उटण्याचाही नसतो. दोष असतो श्रावण-भाद्रपदातल्या तापाचा. डेंग्यू, टायफॉईड किंवा नुसतंच 'व्हायरल' म्हणून सोडून दिलेलं काहीतरी पोळ्याच्या आगेमागे येऊन गेलेलं असतं. माणूस ते विसरलेला असतो आणि केस नेमके सणाला गळायला लागतात. म्हणून "मॅडम, केसं लई गळू राह्यले, काय लावू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

रुग्णांना हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो. त्यांना बाटलीचं नाव हवं असतं. पण त्वचारोगाचं शिक्षण घेऊन केसांबद्दल मी जे काही शिकले, त्यातलं निम्मं या एका प्रश्नात आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे तीनेक महिने तो मुळाशी सैल होऊन नुसता बसून राहतो आणि मग पडतो. म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं हे निरोगी डोक्याचं लक्षण आहे. मोठा ताप आला, शस्त्रक्रिया झाली, बरंच रक्त गेलं, लग्नाआधी कुणी महिनाभर उपाशी राहून वजन उतरवलं, की वाढीतले पुष्कळ केस एकाच वेळी थांबतात. पडतात मात्र दोन-तीन महिन्यांनी, सगळे बरोबरच. तोवर मधल्या काळात साबण बदललेला असतो, बोअरचं पाणी सुरू झालेलं असतं, आणि आळ त्यांच्यावर जातो.

आमच्याकडच्या बायका गुंतावळ टाकून देत नाहीत. केसांवर भांडी देणारा गल्लीत येतो, त्याच्यासाठी ती पिशवीत भरून ठेवतात. त्यामुळे केस किती गेले हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत असतं. मी त्यातलेच चार केस मागून घेते आणि भिंगाखाली टोक बघते. टोकाला पांढरी बारीक गाठ दिसली तर तो केस विश्रांती संपवून आपणहून आलेला आहे. गाठच नसेल तर केस मधूनच तुटलाय. तिथे खारं पाणी, सरळ करायची इस्त्री किंवा घट्ट अंबाडा यांची चौकशी करायची. खाऱ्या पाण्यानं केस राठ होतो आणि तुटतो. त्याचं मूळ त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असतं, डोक्यावर ओतलेलं पाणी तिथवर जात नाही.

बाळंतपणानंतरचं गळणं तर इथल्या आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात, असं त्या म्हणतात. कारण चुकीचं आहे, महिना अगदी बरोबर. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं आणि ते केसांना वाढीतच धरून ठेवतं. प्रसूतीनंतर ते उतरलं की रोखून धरलेले सगळे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुटतात. वर्षभरात बहुतेक भरून येतात. अशा बाईला मी केसांचं औषध जवळजवळ कधीच देत नाही. रक्त तपासते. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. थायरॉईडही बघायचं. लोहाची गोळी सुरू केली तर ती चहाबरोबर घ्यायची नाही, हे दोनदा सांगावं लागतं, कारण सकाळची गोळी आणि सकाळचा चहा यांची गाठ फार पक्की आहे.

आणि बायोटिन. मोबाईलवर मागवलेल्या त्या गोड गोळ्या आता धाडमध्येही घरोघरी पोचल्या आहेत. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते; जेवणारखाणाऱ्या माणसाला ती सहसा होत नाही. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्या चुकवतं. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही त्यामुळे खोटी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 साली दिला होता. थायरॉईडचा अहवालही बिघडतो. म्हणजे केसांसाठी घेतलेली गोळी केस का गळतात हे शोधण्याच्याच आड येते. तपासणीच्या आधी ती काही दिवस बंद ठेवा, आणि घेत असाल तर डॉक्टरला सांगा.

पुरुषांचं टक्कल वेगळं. तिथे तीन महिन्यांचा हिशेब चालत नाही, वर्षांचा चालतो. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकतं, माथा विरळ होतो, मागची झालर शाबूत राहते. बायकांमध्ये भांग रुंदावत जातो. टोपीनं किंवा डोक्याला बांधलेल्या रुमालानं टक्कल पडत नाही, तसं असतं तर वारीत एकाच्याही डोक्यावर केस दिसला नसता. वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही, आणि त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिलं तर घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागतं, हे जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली मांडलं. पुढे 1974 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांतल्या मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर जन्मतःच कमी होतं आणि मोठेपणी त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्या धाग्यावरून, तेच विकर अडवणारं औषध, फिनास्टेराईड आलं. प्रोस्टेटसाठी 1992 मध्ये आणि टकलासाठी, एक मिलिग्रॅममध्ये, 1997 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. टक्कल आईकडून येतं का, असं विचारतात. दोन्हीकडून येतं, मात्र त्यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे मामाकडे बोट दाखवणारे अगदीच चूक नसतात.

मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढली, म्हणून ती डोक्याला लावून पाहिली गेली. लावायचं औषध म्हणून 1988 मध्ये तिला मान्यता मिळाली. ते उपयोगी आहे, पण त्याच्या अटी दुकानदार सांगत नाही. पहिल्या काही आठवड्यांत केस आधी जास्त गळतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. बंद केलं की मिळालेलं काही महिन्यांत परत जातं. "महिन्याभरात पोरगी बघायला जायचंय" म्हणून जो मुलगा येतो, त्याला मी ते मुद्दाम देत नाही. बघण्याच्या कार्यक्रमाला तो होता त्याहून विरळ होऊन जाईल आणि शिव्या मला बसतील. फिनास्टेराईडबद्दल बोलताना मी दार लावून घेते. थोड्या पुरुषांना त्यानं लैंगिक तक्रारी होतात आणि हे सांगायला ते लाजतात, म्हणून आपणच आधी विचारायचं. घरात कुणी गरोदर असेल तर तिनं फुटलेली गोळी हाताळायची नाही. गोळी घेणाऱ्या पुरुषानं त्या काळात रक्तदानही करू नये.

केशरोपणात केस वाढत नाहीत, जागा बदलतात. मागच्या झालरीतले केस पुढे लावले तरी ते मागच्या स्वभावानं टिकून राहतात, हे नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी 1959 मध्ये दाखवलं आणि सगळं केशरोपण त्यावर उभं आहे. एका वाफ्यातली रोपं दुसऱ्या वाफ्यात लावण्यासारखं ते आहे. पहिला वाफा तेवढा रिकामा होतो. म्हणून बावीस वर्षांच्या मुलानं घाई करू नये. त्याचं टक्कल अजून कुठवर जाणार हे कळलेलं नसतं. आणि करणारा कोण आहे ते बघा. नुसती कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावं लागलं, यावरून काय चाललंय ते ओळखावं.

चाईचं थोडक्यात. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला की किड्यानं केस खाल्ले म्हणतात. किडा नसतो, शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती मुळांवर उलटलेली असते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात, आणि भरायच्या आधी शेवटचं जे चोळलेलं असतं त्याला श्रेय मिळतं, मग तो कांदा असो की माझं इंजेक्शन. लहान मुलाच्या डोक्यावर मात्र खपली आणि खाज असलेला चट्टा असेल तर तो बुरशीचा धरून तपासून घ्या. त्याला पोटातून गोळ्या लागतात, मलम पुरत नाही.

आता आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातली, पण घाटाखालची गोष्ट. डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून बातम्या यायला लागल्या. आधी डोकं खाजतं, मग केस हातात येतात आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, शाळेतली मुलं, सगळेच. जानेवारी संपेपर्यंत 18 गावांत 279 लोकांची नोंद झाली होती. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव दिलं आणि घाटावरच्या आमच्या गावांतही लोक शेगावच्या पाहुण्यांना घरात घ्यावं का असं विचारू लागले. बुरशी म्हणून झालं, शाम्पू म्हणून झालं, खारपाणपट्ट्यातल्या पाण्याची तपासणी झाली, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. आयसीएमआरची पथकं येऊन नमुने घेऊन गेली.

माझ्या डोक्यात मात्र ते तीन-चार दिवस अडकले होते. तापानंतरचे केस असे जात नाहीत, टक्कल तर नाहीच नाही, आणि चाई एका महिन्यात अठरा गावांना होत नाही. इतक्या झपाट्यानं, वाढीतलेच केस मुळापासून सुटतात ते केमोथेरपीत किंवा विषबाधेत. मुळातल्या पेशी अहोरात्र विभागत असतात. पोटातून गेलेलं विष आधी त्यांनाच गाठतं. थॅलियम हे करतं. सेलेनियमही करतं.

विंचूदंशावरच्या प्राझोसिनच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा माग काढला. ते मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, म्हणजे आमच्या धाडच्या शेजारचेच, त्यामुळे इथे त्या बातमीला जरा जास्तच मान मिळाला. गावकऱ्यांच्या घरचा रेशनचा गहू त्यांनी तपासून घेतला. किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. धुतल्यावरही 13.61 राहिलं. रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम कित्येक पटींनी वाढलेलं आणि जस्त कमी. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असं त्यांनी मांडलं. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनी सेलेनियमनं भरलेल्या आहेत, हे शेतीशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

आकडा घरच्या मापात मांडून बघू. एका माणसाच्या पोळ्यांना दिवसाला पाव किलो कणीक लागली, तर साडेतीन मिलिग्रॅमच्या वर सेलेनियम पोटात जातं. मोठ्या माणसाची रोजची गरज आहे 55 मायक्रोग्रॅम, आणि 400 च्या वर जाऊ नये असं मानतात. इथे ते नऊपट झालं. धुऊन ते निघत नाही, कारण ते दाण्यावर बसलेलं नसतं, दाण्यातल्या प्रथिनात गंधकाच्या जागी जाऊन बसलेलं असतं. केस आणि नख ज्या केराटिनचे बनतात ते गंधकानंच घट्ट विणलेलं असतं, म्हणून घात तिथेच होतो. चीनमधल्या एन्शी भागात 1961 ते 64 या काळात असंच झालं होतं. अमेरिकेत 2008 साली एका पूरक द्रावणात लेबलवर लिहिल्याच्या दोनशेपट सेलेनियम पडलं, तेव्हा 201 जणांना त्रास झाला आणि त्यांतल्या पुष्कळांचे केस गेले.

तो गहू बंद केला आणि कित्येकांच्या डोक्यावर काही आठवड्यांत केस परत दिसू लागले. मूळ मेलेलं नव्हतं. मग एप्रिल 2025 मध्ये त्याच गावांतून नखं वाकडी होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या आणि लोकांना हा नवा रोग वाटला. हाताचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. डिसेंबरात मुळाशी झालेली इजा पुढे सरकत येऊन दिसायला तेवढाच वेळ लागतो. एप्रिलची नखं मला डिसेंबरचंच सांगत होती.

धाडमध्ये अजूनही विचारतात, मग रेशनचा गहू खावा की नाही? खावा. मात्र वर्षभर सकाळ-संध्याकाळ एकाच पोत्यातलं एकच धान्य नको. ज्वारीची भाकरी ताटातून गेल्यापासून आपल्या घरांत नेमकं तेच झालंय. आणि एकाच घरातल्या दोघा-तिघांचे केस एकाच आठवड्यात हातात येऊ लागले तर तेल आणायला जाऊ नका. तारीख लिहून ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा, आणि येताना त्या पोत्यातला मूठभर गहू पुडीत बांधून आणा.