1930 चा पुरावा

वनहक्काचे दावे तयार करताना गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी भागात मला पहिला पेच पडला तो कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा. वैनगंगेकाठचा ढिवर मासे धरतो आणि हंगामात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्याही सोडतो. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या, मुंग्या झाडायच्या, हातात गलोल घेऊन दिवसभर कावळे हाकलायचे. जंगल वनखात्याचं, राखण ढिवराची. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची व्याख्या करताना बांबू, तेंदू, मधाबरोबर टसर आणि कोसेही नावानिशी लिहिले. कोशाला जागा मिळाली, कोसा पिकवणारा मात्र दाराबाहेर राहिला.

कारण ढिवर अनुसूचित जमातीत येत नाही. गोंड शेजाऱ्याने जबरानजोत जमिनीचा पट्टा मागितला, तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवला की पुरे. ढिवर मात्र ‘इतर पारंपरिक वननिवासी’. त्याने त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करायचं. हिशेब केला तर 1930 साल येतं. तेव्हा इथे मध्य प्रांताचा चांदा जिल्हा होता, मालगुजारी होती. ज्याच्या नावावर बांधभर जमीन नाही, त्याचं नाव मालगुजाराच्या दप्तरात कोण लिहिणार? ज्या कायद्याच्या प्रस्तावनेतच ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली आहे, तोच कायदा अन्याय झालेल्याकडे इतिहासाचा कागद मागतो. मला ही अट पहिल्यापासून चुकीची वाटते. शिवाय तिने गावात फट पाडली. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना जोत करणाऱ्या दोघांपैकी एकाला पट्टा मिळतो आणि दुसरा ‘अतिक्रमणधारक’ राहतो, तेव्हा बांधावरचं बोलणं बंद व्हायला वेळ लागत नाही.

तोडगाही त्याच कायद्यात सापडला. नियम 13 म्हणतो, वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदन हाही पुरावा. फक्त ते वडीलधारे स्वतः दावेदार नसावेत. म्हणजे ढिवराची साक्ष गोंडाने द्यायची. एका वनहक्क समितीच्या बैठकीत शाळेच्या पडवीत नकाशा पसरला होता. एक गोंड आजी पदर खोचून त्यावर वाकली. कोणत्या डोहात कोणत्या घराचं जाळं पडायचं, बोडीची पाळ फुटली तेव्हा कोण धावलं, कोणाचा आजा कुठे पुरला, सगळं तिने घडाघडा सांगितलं. लिहून घेणारा पोरगा मागे पडला तशी ती त्याच्यावरच डाफरली, “लिव ना बापू, मी का रोज मरता मरता सांगू?” त्या दिवशी चार पानं भरली. तलाठ्याच्या कपाटात इतका तपशील मी कधी पाहिला नाही.

सामूहिक दाव्यात तर गोंड आणि ढिवरांमधली ही भिंत आणखी पातळ होते. हक्क मिळतो तो ग्रामसभेला. तिच्यात गोंड, ढिवर, बौद्ध, कुणबी सगळेच आले. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्क कागदावर आला तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडावं लागलं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मेंढ्याच्या या लढ्यातले देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला जास्त मोलाचा वाटतो तो गावाचा अभ्यासगट. साहेबाला कलम तोंडपाठ सांगणारा गावकरी तिथे तयार झाला.

तरी एकट्या गावाची ताकद तेंदूच्या लिलावात उघडी पडते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. लहान गावाच्या चार गोण्यांसाठी ठेकेदार येत नाही. आलाच तर भाव तोच ठरवून आलेला असतो. अनेक ग्रामसभांनी एकत्र निविदा काढली की त्याला समोर बसून बोलावं लागतं. कोरचीच्या महाग्रामसभेने हे करून दाखवलं. तालुक्यातल्या 90 ग्रामसभा तिच्यात एकत्र आल्या आणि बायांनी तिथे बरोबरीने जागा मिळवली. ती जागा आयती आलेली नाही. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था 1984 पासून या टापूत काम करते आहे. तिच्या बचतगटांतून बोलायला शिकलेल्या बाया पुढे महाग्रामसभेत बसल्या. कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे लिहायला सांगितलाय, पण बायकोचं नाव खरंच चढलं का हे तपासायला अशीच बाई लागते.

ढिवरांच्या फायली अजून परत येतात. शेरा ठरलेला, ‘पुरावा अपुरा’. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे कोणत्याही एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही आणि दावा नाकारताना कारण लेखी द्यावं लागतं. अपिलाला 60 दिवस. आता आम्ही दावेदाराला सुनावणीला एकट्याला पाठवत नाही. गावाच्या जुन्या वापरहक्कांची नोंद असलेल्या निस्तारपत्रकाची नक्कल, ग्रामसभेचा ठराव आणि साक्ष दिलेले म्हातारे, सगळे एकाच गाडीतून जातात. तारीख पुढे ढकलली तर पुन्हा जातात, आणि भाड्याची वर्गणी पट्टा मिळालेली घरंही देतात.