धूर, अंतर आणि पडदा

पडद्यावर बंदूक दिसते तेव्हा तिचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. ती बंदूक आहे, कोणाच्या तरी हाती आहे आणि केव्हातरी उडणार आहे, एवढे प्रेक्षकाला पुरेसे असते. नाव विचारणारा एक वेगळा प्रेक्षक मात्र असतो. बोल्टची मूठ, संगिनीचा आकार, नळीखालचा दांडा पाहून तो रायफलीचे साल सांगतो आणि त्या सालावरून चित्रपटातील साल तपासतो. १८७० च्या सैनिकाच्या हाती १८८६ ची रायफल सापडली की त्याला होणारा आनंद साहित्याच्या अभ्यासकाला अगदीच अपरिचित नसावा. अक्षरवळणावरून पोथीचा काळ ठरविणारा आणि उत्तरकालीन प्रक्षेप हुडकून काढणारा पाठचिकित्सक याच जातीच्या आनंदाचा धनी असतो.

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लष्करी रायफली अशा चिकित्सेला विशेष अनुकूल आहेत. १८६६ ची शासपो, १८७४ ची ग्रा आणि १८८६ ची लेबेल, अशी त्यांची सरळ वंशावळ मांडता येते. शासपोचे काडतूस कागदी होते. एक लांब सुई ते भेदून आत ठिणगी पाडी आणि मागे येणारा वायू रबरी कडे अडवून धरी. ग्राने धातूचे काडतूस आणले; पण पुष्कळशा जुन्या शासपोच त्या काडतुसासाठी बदलून घेण्यात आल्या. म्हणजे एका हाताने लिहिलेल्या पोथीवर दुसऱ्या हाताने दुरुस्ती केलेली आढळावी, तसा हा प्रकार होता. अशी रायफल चित्रपटात दिसली तर तिचा 'मूळ पाठ' कोणता मानायचा, हा प्रश्न हौशी चिकित्सकालाही अडवतो.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ च्या एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाकडे लक्ष वेधले होते. कथानकाला त्याचा काही उपयोग नसतो. 'मी वास्तव आहे' एवढेच तो सांगत असतो. ऐतिहासिक चित्रपटातील अचूक रायफल हे काम नेमकेपणाने करते. तथापि येथे एक अडचण आहे. वायुभारमापक कोणाचा जीव घेत नाही. शस्त्राच्या बाबतीत वस्तूची अचूकता आणि त्या वस्तूने घडविलेल्या अनुभवाची अचूकता या दोन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप साधते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे.

शासपोने घडविलेला अनुभव मुख्यतः अंतराचा होता. तिची माशी १२०० मीटरपर्यंत लावता येत असे; समोरच्या प्रशियन ड्रायझे रायफलीचा पल्ला त्याच्या सुमारे निम्मा होता. १८ ऑगस्ट १८७० रोजी सँ-प्रिव्हा गावाकडे चढत जाणाऱ्या प्रशियन गार्ड दलाचे सुमारे ८,००० सैनिक काही तासांत मृत अथवा जखमी झाले. त्यांपैकी अनेकांना गोळी झाडणाऱ्याचा चेहरा दिसलाच नसणार. झाडणाऱ्यालाही कोणाचा चेहरा दिसला नसणार. तरीही युद्ध फ्रान्सने गमावले. क्रुपच्या तोफा आणि फ्रेंच सेनानींचे गोंधळलेले नेतृत्व यांच्यापुढे उत्तम रायफल अपुरी पडली.

या पराभवाची सर्वांत लोकप्रिय प्रतिमा आल्फाँस द नव्हिल यांच्या १८७३ च्या 'अखेरची काडतुसे' या चित्राने दिली. १ सप्टेंबर १८७० रोजी बाझेय येथील एका घरात मूठभर सैनिक कोंडले गेले आहेत. खिडकीशी उभा असलेला एक जण नेम धरतो आहे. चित्रात शत्रू कोठेच नाही. तो खिडकीबाहेर आहे. १८९७ मध्ये जॉर्ज मेलिएस यांनी हेच चित्र मिनिटभराच्या चलत्पटात उभे केले. सिनेमा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि पडद्यावरची फ्रेंच पायदळाची बंदूक पहिल्यापासूनच एका चित्राची नक्कल होती. महत्त्वाचे हे की चित्रकाराने आणि चित्रपटकाराने दोघांनीही गोळी जेथून सुटते ती खोली निवडली. जेथे पोहोचते ती जागा निवडली नाही. बाराशे मीटरचे अंतर एका चौकटीत मावत नाही. एक टोक दाखवायचे तर दुसरे सोडावे लागते. संकलनाने पुढे ही दोन टोके जोडली खरी, पण जोडताना मधले अंतरच गाळले. पडद्यावर गोळी सुटते आणि पुढच्याच क्षणी माणूस पडतो. दोघे जणू एकमेकांसमोर उभे असतात.

धुराची गोष्टही अशीच आहे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी निर्धूर दारू सिद्ध केली आणि तिच्यावर चालणारी लेबेल ही लष्करी सेवेत आलेली पहिली रायफल ठरली. त्यापूर्वी प्रत्येक गोळी आपला पत्ता स्वतःच सांगत असे. धुराचा पुंजका दिसला की तेथे माणूस आहे हे कळे. लेबेलने हा पत्ता पुसून टाकला. युद्धभूमी रिकामी दिसू लागली. नेमक्या याच दोन दशकांत दृश्य पकडण्याची, साठविण्याची आणि पुन्हा दाखविण्याची यंत्रे तयार होत होती. एकीकडे मारणारा अदृश्य होत होता आणि दुसरीकडे सर्व काही दृश्य करण्याची ईर्षा वाढत होती. पडद्याला मात्र धुराची गरज भासते, कारण धुराविना गोळीबार 'दिसत' नाही. म्हणून निर्धूर रायफलीच्या नळीतूनही पडद्यावर पुष्कळदा धूर निघतो. ही चूक अज्ञानातून होतेच असे नाही. ती माध्यमाची निकड असते.

या दोन यंत्रांचे नाते द्रव्यापर्यंत पोहोचते. व्हिएय यांची दारू आणि आरंभीची चित्रफीत या दोन्हींचा आधार नायट्रोसेल्युलोज हाच होता. दोन्ही काळाबरोबर कुजतात आणि कुजताना पेट घेऊ शकतात. तूलाँ बंदरात १९०७ मध्ये 'येना' आणि १९११ मध्ये 'लिबेर्ते' या फ्रेंच युद्धनौका स्फोटाने नष्ट झाल्या, त्याचे कारण बिघडलेल्या याच दारूत शोधले गेले. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली, तेव्हा जळत होते ते द्रव्य त्याच कुळातले होते. स्मृती जपणारे आणि जीव घेणारे द्रव्य एकच असावे, हा योगायोग रूपक म्हणून वापरण्याचा मोह होतो. पण तो रसायनशास्त्रातला साधा तपशील आहे आणि तपशील म्हणूनच अधिक अस्वस्थ करतो.

१८८२ मध्ये एतिएन-झ्युल मारे यांनी पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासण्यासाठी 'छायाचित्रण-बंदूक' बनविली. दस्ता, नळी, चाप सर्व काही बंदुकीचे. फक्त नळीत भिंग आणि मागे फिरणारी तबकडी, जिच्यावर सेकंदाला बारा प्रतिमा उमटत. पक्षी उडत राही आणि तरीही पकडला जाई. पॉल व्हिरिलिओ यांनी 'युद्ध आणि सिनेमा' या १९८४ च्या ग्रंथात या वंशसंबंधाचा विस्तार केला आहे. भाषेचा साक्षीपुरावा मात्र काहीसा उलटा आहे. ज्या भाषेत ही बंदूक जन्मली त्या फ्रेंचमध्ये चित्रीकरणाला 'तुर्नाज', म्हणजे 'फिरवणे', म्हणतात. कॅमेऱ्याचा दांडा फिरविण्याची आठवण त्यात आहे. मराठी माणूस सहजपणे 'शूटिंग' म्हणतो; तो शब्द इंग्रजीतून आला आणि गोळी झाडण्याचा अर्थ बरोबर घेऊन आला. 'काडतूस' हा शब्द तर त्याच्याही पूर्वी पोर्तुगिजांकडून येऊन मराठीत इतका मुरला की त्याचे परकेपण आज कोणाला जाणवतही नाही.

हे नाते १८७१ च्या पॅरिसमध्ये उघडे पडले. २१ ते २८ मे या आठवड्यात व्हर्सायच्या सैन्याने कम्यून चिरडले. बाराशे मीटरसाठी घडविलेली शासपो आता काही पावलांवरून झाडली जात होती. पेर लाशेझ दफनभूमीच्या भिंतीशी १४७ जणांना उभे करून मारण्यात आले. तत्पूर्वी कम्यूनच्या लोकांनी अडथळ्यांपाशी, पाडलेल्या व्हाँदोम स्तंभापाशी अभिमानाने छायाचित्रे काढून घेतली होती. पुढे त्याच छायाचित्रांवरून पोलिसांनी माणसे ओळखली. युजेन आपेर यांनी तर नटांना उभे करून, त्यांच्या धडांवर खऱ्या व्यक्तींची मस्तके चिकटवून 'कम्यूनचे गुन्हे' नावाची छायाचित्रमाला विकली. तेथे वेश, जागा, बंदुका सर्व काही विश्वसनीय होते. खोटे होते ते विधान. अचूक वस्तू असत्याच्या सेवेत किती निमूटपणे उभी राहते, याचे हे आद्य उदाहरण म्हणावे लागेल.

कोझिंत्सेव्ह आणि त्राउबेर्ग यांच्या 'नवे बॅबिलॉन' या १९२९ च्या मूकपटात सैनिक झाँ याच्या हाती शेवटी फावडे येते. ज्या मुलीवर त्याचे मन जडले, तिचीच कबर तो पावसात खणतो. गोळी पोहोचते ते टोक येथे दिसते, आणि झाडणाऱ्यांपैकीच एकाला तेथवर चालत यावे लागते. त्याहून पुढचे पाऊल पीटर वॉटकिन्स यांच्या २००० सालच्या 'ला कम्यून' या ३४५ मिनिटांच्या चित्रपटाने टाकले. माँत्रई येथे, जेथे एके काळी मेलिएस यांचा स्टुडिओ होता त्या जागेवरील एका बंद कारखान्यात, १९९९ मध्ये तो चित्रित झाला. कलावंतांतील बहुसंख्य नवखे होते. १८७१ च्या पॅरिसमध्ये वॉटकिन्स दूरचित्रवाणीचे वार्ताहर सोडतात. एक वाहिनी कम्यूनची, एक व्हर्सायची. नाव विचारणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीने याहून मोठा कालविपर्यास संभवत नाही. पण तो जाणूनबुजून केलेला आहे. ध्वनिक्षेपक पुढे करणारा वार्ताहर दृश्याच्या आतच उभा असल्याने, कॅमेरा कोणाच्या बाजूने आणि किती अंतरावर आहे, हा प्रश्न प्रेक्षकाला टाळता येत नाही. वेशभूषेतली माणसे पुढे स्वतःच्या काळाविषयी बोलू लागतात, आणि हाती धरलेली बंदूक आपण खरोखर उचलली असती काय, हे एकमेकांना विचारतात.

नाव विचारणाऱ्या प्रेक्षकाची थट्टा करण्याचे म्हणूनच कारण नाही. शासपो आणि लेबेल यांतला भेद ज्याला दिसतो, त्यालाच धूर कोठे असायला हवा होता आणि कोठे नको होता, हे कळू शकते. साल जुळते की नाही हे पाहून तो थांबला, तर त्याच्या हाती फक्त वायुभारमापक उरतो. कोणती रायफल, या प्रश्नानंतर किती अंतरावरून आणि कोणाच्या डोळ्यांनी, हे त्याने विचारायला हवे. नव्हिल यांच्या चित्रातली खिडकी अजून उघडी आहे; खोलीत सर्व जण आत पाहतात, बाहेर पाहणारा फक्त नेम धरणारा असतो.