हाताला माप

माझ्यात कोणता गुण आहे हे माझ्या आधी दुसऱ्यांना दिसलं. तो गुण कोणासाठी वापरायचा, हेही मला दुसऱ्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर ‘आपण नेमके कोण’ हा प्रश्न मी निवांतपणे स्वतःला विचारू लागलो, तेव्हा उत्तरात तीन माणसं पुढे येऊन उभी राहिली. आई, वसतिगृहाचे सर आणि तिथल्या स्वयंपाकघरातल्या मावशी.

माझं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं, तेव्हा आमच्याकडे नुसता वारा असतो. १९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात रेशनची लाल मिलो ज्वारी यायची. ती पुढच्या रेशनपर्यंत पुरवायची, तर रोजचं माप चुकून चालत नसे. आई मापटं भरायची, वरून बोटाने सपाट करायची आणि मग जात्याशी बसायची. शेजारी बसून मी ते बघत असे. मोजण्याची सवय मला तिथेच जडली. पण तेव्हा ती मला गरिबीची खूण वाटायची. तिला कोणी गुण म्हणेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

कॉलेजसाठी साताऱ्याला येता आलं ते ‘कमवा आणि शिका’ योजनेमुळे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, तेच मुळी या विचारावर. खेड्यातल्या मुलाने घाम गाळावा, त्या कमाईवर शिकावं आणि कोणापुढे हात पसरू नये. माझ्या वेळी कोणी बागेत काम करी, कोणी शेतात, कोणी ग्रंथालयात. मी बोलताना अडखळायचो. वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या घेणारी मुलं पाहिली की वाटे, पुढे जाणारी माणसं ही अशी असतात. आपल्यात तसं काहीच नाही.

सरांनी मला स्वयंपाकघराच्या कोठीवर नेमलं. धान्य तोलून द्यायचं आणि वहीत लिहायचं. महिनाअखेरीला त्यांनी कोठीतला शिल्लक माल स्वतः तोलला, वहीशी ताडून पाहिला आणि म्हणाले, “तुझ्या हाताला माप आहे रे. जेवढं दिसतं तेवढंच तू लिहितोस. बोलणारी मुलं मला खूप भेटतात, असं लिहिणारा मिळत नाही.”

हुशार आहेस, चांगला आहेस, असं त्याआधीही कोणी कोणी म्हटलं असेल. ते शब्द कानावरून गेले. सरांचं वाक्य मात्र आत गेलं, कारण त्यामागे पाहिलेलं काम होतं. आईच्या मापट्यापासून माझ्यात जे चालत आलं होतं, त्याला त्या दिवशी किंमत मिळाली. आपण काहीतरी आहोत, हे मला त्या कोठीत पहिल्यांदा समजलं.

पण नुसतं अचूक मोजणं सावकारालाही येतं. तिथून पुढे मला नेलं ते मावशींनी. रात्रीच्या पंगतीला भाकऱ्या ठरलेल्या असत. एकदा शेतावरचं काम आटोपून एक मुलगा उशिरा आला. मी त्याला ठरल्याप्रमाणे वाढलं. मावशींनी त्याच्या ताटाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “आरं, ते ढेकळं फोडून आलंय. भूक काय वहीत लिवून येती व्हय?” आणि स्वतःच्या वाटणीची भाकर त्यांनी त्याच्या ताटात ठेवली. वर मला बजावलं, “वहीत माझ्यातली कमी कर.”

या एका कृतीवर मी आयुष्यभर विचार करत आलो आहे. त्यांनी नियम मोडला नाही, वही खोटी केली नाही आणि पोराला उपाशीही ठेवलं नाही. हिशोब खरा राहिला आणि माया त्यांच्या स्वतःच्या वाट्यातून आली. दुसऱ्याच्या मालावर उदार होणं सोपं असतं. मावशींची उदारता तसली नव्हती.

त्यांना हे कुठून आलं, ते त्याच सांगत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांचं नाव त्या घरातल्या थोरल्या जावेचं घ्यावं तसं घेत. भाऊरावांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून बोर्डिंग चालवलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. त्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. भाऊराव स्वतः ओगल्यांच्या काचसामानासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरलेले विक्रेते. अनोळखी माणसापुढे उभं राहून त्याला आपलं म्हणणं पटवायचं, हा त्यांचा गुण. त्यावर ते सुखात जगू शकले असते. त्याच गुणाच्या बळावर त्यांनी मुलांसाठी धान्य, पैसा आणि जागा मागितली. गुण माणसाला पोट भरायला पुरतो. तो कोणाच्या कामी लावला, यावरून माणूस ओळखला जातो.

पुढे मी सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक झालो. रोजकीर्द, खतावणी, तेरीज यांत माझं आयुष्य गेलं आणि मला ते मनापासून आवडलं. एका गावच्या सोसायटीत एका विधवा बाईंनी कर्जाचा हप्ता भरल्याची पावती जपून ठेवली होती. खतावणीत मात्र त्या रकमेची नोंद नव्हती आणि व्याज चढत होतं. कागद तपासून तेरीज जुळवली असती, तर माझं काम कदाचित भागलं असतं. पण मावशींच्या स्वयंपाकघरातून आलेल्या माणसाला आकड्यामागचं ताट दिसतं. मी देवळाच्या ओट्यावर बसलो, सभासदांना पासबुकं आणि पावत्या घेऊन बोलावलं आणि एकेक खातं त्यांच्यासमोर ताडलं. त्या बाईंची रक्कम त्यांच्या खात्यावर आली. त्यानंतर नोकरीभर, जिथे जमेल तिथे, मी तपासणी अशीच केली.

आता मी गावातल्या बचत गटांच्या मुलींना हिशोब लिहायला शिकवतो. त्या लिहितात तेव्हा मी त्यांचं काम बारकाईने पाहतो, कारण पाहिल्याशिवाय बोललेलं खरं नसतं, हे सरांकडून शिकलो आहे. त्यांतली एक मुलगी फार कमी बोलते. हप्ता थकलेल्या बाईला ती बाजूला घेऊन बाकी सांगते, चारचौघींत सांगत नाही. परवा मी तिला म्हटलं, “बाकी एक पैशानेही कमी न सांगता समोरच्या बाईची मान तू खाली जाऊ देत नाहीस. तुझ्यात हे आहे.”

तिने विचारलं, “आजोबा, हा काय गुण झाला का?”

मी म्हणालो, “झाला. आणि गावाला त्याची फार गरज आहे.”