रात्रीचे मावळे, दिवसाचे मावळे

आमच्या महाविद्यालयाच्या वादसभेत यंदा विषय होता, ‘शिवराज अष्टकाने प्रेक्षकांना इतिहास दिला की नुसतीच करमणूक?’ मी ‘इतिहास दिला’ या बाजूने बोललो आणि पहिले बक्षीस पटकावले. मावळातल्या मुलाने मावळ्यांची बाजू घेतल्यावर लोणावळ्यात टाळ्या न पडल्या तरच नवल! पण बक्षिसाचे पुस्तक काखेत मारून लोकलने घरी निघालो, तेव्हा मनाला काही केल्या समाधान वाटेना. त्याचे कारण व्यासपीठावर सांगण्याजोगे नव्हते. ते इथे सांगतो.

प्रथम जमेची बाजू. शिवचरित्रातील प्रसंगांवर चित्रपट काढणे आपल्याकडे नवे नाही. सिंहगडाची कथा बाबूराव पेंटरांनी १९२३ साली मूकपटात आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ साली बोलपटात आणली होती. पण एकाच दिग्दर्शकाने आठ चित्रपटांचा संकल्प सोडावा आणि तो नेटाने पुढे न्यावा, हे धाडस दिग्पाल लांजेकर यांचेच. २०१८ साली ‘फर्जंद’, २०१९ साली ‘फत्तेशिकस्त’, २०२२ साली ‘पावनखिंड’ व ‘शेर शिवराज’ आणि २०२३ साली ‘सुभेदार’. या पाचांनी एक मोठे काम केले. शाळेच्या पुस्तकात ज्यांच्या वाट्याला जेमतेम एखादी ओळ येते, त्या कोंडाजी फर्जंदांना, बहिर्जी नाइकांना, रायाजी बांदलांना चेहरा दिला. महाराजांच्या मागे उभी असलेली माणसे पुढे आणली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता उण्या बाजू. माझ्या प्रतिस्पर्ध्याने त्या बिनतोड मांडल्या. पहिल्या चित्रपटात १६७३ चा पन्हाळा, दुसऱ्यात १६६३ चा लाल महाल, तिसऱ्यात १६६० ची घोडखिंड आणि चौथ्यात १६५९ चा प्रतापगड! इतिहास पुढे चालतो, मालिका मागे मागे जाते आणि पाचव्या खेपेस एकदम १६७० च्या कोंढाण्यावर उडी घेते. त्यातून नटमंडळी बरीचशी तीच. “अजय पुरकरांचे बाजीप्रभू २०२२ साली खिंडीत पडले आणि २०२३ साली तानाजी होऊन कोंढाणा चढले,” असे तो म्हणाला, तेव्हा अध्यक्षांनाही हसू आवरले नाही. मी उत्तर दिले, की कीर्तनकारही आख्यान कुठूनही लावतो आणि सगळी पात्रे एकटाच उभी करतो. या उत्तराने मला बक्षीस मिळवून दिले.

परंतु खरी उणीव आम्हा दोघांनाही सांगता आली नव्हती. ती माझ्या मामाने फार पूर्वी सांगितली होती.

मामा लोहगडाच्या पायथ्याला राहतो. भाताची दोन खाचरे आणि गडावर येणाऱ्यांसाठी लिंबू-सरबताचे दुकान, एवढाच त्याचा प्रपंच. ‘पावनखिंड’ लागला, तेव्हा मी त्याला तळेगावला घेऊन गेलो. चित्रपटगृहात मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. मामा गप्प होता. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, “लई भारी झालं रं भाच्या. पण येवढी मान्सं गडावर अडकलेली, त्यांचं दानापाणी कुनी वाहिलं आसंल?” मी हसलो. मला तो प्रश्न अडाणी वाटला.

पुढच्याच पावसाळ्यात कॉलेजचे मित्र लोहगडला आले. मळवलीला उतरून भाज्यावरून आम्ही चालत वर गेलो. मी मोठ्या ऐटीत विंचूकाट्याची माहिती सांगत होतो. सुरतेच्या लुटीनंतर नेताजी पालकरांनी लक्ष्मी इथे आणून ठेवली होती, तेही सांगितले. गणेश दरवाजाच्या अलीकडे समोरून मामा आला. डोक्यावर रिकाम्या बाटल्यांचे पोते, अंगावर इरले, पाय चिखलाने भरलेले. त्याने मला पाहिले. मी मात्र तटबंदीकडे बोट दाखवून मित्रांना भलतेच काही सांगू लागलो. तो काही न बोलता बाजूने खाली उतरून गेला.

वाचकहो, पडद्यावरच्या मावळ्यासाठी ओरडणारा हा मावळातला पोरगा! खऱ्या मावळ्याला ओळख देण्याची त्याला लाज वाटली.

नंतर महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र वाचनात आले. पन्हाळ्याच्या मोहिमेच्या आसपासच्याच काळातले हे पत्र. त्यात तलवार नाही. आहे ती गवताची आणि दाण्याची काळजी. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळू नका, नाहीतर घोडी मरतील आणि तुम्ही रयतेच्या दारी जाल. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर वात पळवील आणि गंजी पेटतील. ज्या राजाने प्रतापगडाखाली खान मारला, तो उंदराचाही विचार करीत होता! मामाचा प्रश्न अडाणी नव्हता, तर राजाच्या जातीचा होता.

अष्टकाला गड जिंकण्याची रात्र फार सुंदर दिसते. गड राखण्याचे दिवस दिसत नाहीत. धान्य, पाणी, लाकूडफाटा वाहणारा मावळा पडद्यावर येतो न येतो तोच पुढची लढाई सुरू होते. २०२५ साली लोहगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्या पायऱ्यांवरून ओझी मात्र अजून डोक्यावरूनच चढतात.

पुढल्या रविवारी मी लोहगडवाडीला गेलो. बक्षिसाचे पुस्तक मामाला दिले. त्याने ते कपाळाला लावले आणि विचारले, “आज येकलाच?” मी म्हणालो, “हो. पाण्याचं एक खोकं मी घेतो.”

गणेश दरवाजापर्यंत मला तीनदा टेकावे लागले. मामा पुढे चालत राहिला.