कानाला कळणारा ताप

म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून १९६१ पासून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. पुढे त्यांचं नाव ‘येझदी’ झालं. १९९६ साली कारखाना बंद पडला. गाड्या मात्र अजून धावताहेत.

या इंजिनाला पाणी लागत नाही. सिलिंडरच्या फिन्सवरून वाहणारा वारा त्याला गार ठेवतो. तापमान दाखवणारा काटा नाही. पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं किंवा चढावर गाडी फार रेटली, की पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि मागचं चाक जाम होतं. आवाज जड झाला, ओढ कमी झाली की ताबडतोब क्लच दाबायचा!

काही हौशी मालक आता स्पार्क प्लगखाली वॉशरसारखा सेन्सर बसवतात. तो बदलताना इंजिन पूर्ण गार होऊ द्यावं. गरम असताना प्लग खोलला, तर अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जाण्याची भीती असते. नवा सेन्सर घालून प्लग आधी हातानंच फिरवावा; पाना शेवटी.

आकडा दिसला की धीर येतो. पण वायर कधीतरी तुटतेच. तेव्हा कानच कामी येतो. जुने मेकॅनिक आता थकलेत. म्हणून वडिलांनी मुलाच्या हाती किल्ली देताना त्याला आधी इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवावं.