निर्णयाआधीचा कागद

लष्करात एका कागदाला ‘अप्रीशिएशन’ म्हणतात. आधी उद्दिष्ट, मग जमीन, शत्रू, वेळ, अंतर, रसद. त्यानंतर दोन्ही बाजूंना काय काय करता येईल, आणि शेवटी योजना. पायदळात असताना मी हा कागद वर्षानुवर्षं लिहिला, पुढे तरुण अधिकाऱ्यांकडून लिहून घेतला. निर्णय आधीच ठरवायचा आणि कारणं मागाहून जुळवायची, हा यातला सर्वांत मोठा मोह. वरिष्ठांना काय आवडेल हे ठाऊक असलं की तो आणखी बळावतो.

म्हणूनच लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात मला फार मोठे वाटतात. कोल्हापूरकडचे, सँडहर्स्टला शिकलेले. 1945 च्या जानेवारीत आराकानातल्या कांगावच्या लढाईत त्यांनी 2/2 पंजाब पलटणीचं नेतृत्व केलं आणि डीएसओ मिळवलं. कोरियात 1953 मध्ये युद्धकैद्यांनी एका भारतीय मेजरला पकडून ठेवलं, तेव्हा त्याला सोडवायला ते स्वतः कुंपणाच्या आत गेले. या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्यांचं सर्वांत धाडसी काम कागदावरचं वाटतं.

ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना, ऑक्टोबर 1959 मध्ये, त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, चीनपासून संरक्षणाचा अहवाल पाठवला. सीमेवर हलक्या चौक्या ठेवायच्या. त्यांनी चाहूल द्यायची, शत्रूला जमेल तितकं रखडवायचं आणि मागे यायचं. मुख्य लढाई बोमडिला, झिरो, दापोरिजो, आलाँग यांना जोडणाऱ्या रेषेवर द्यायची. कारण आपले रस्ते फार आधी संपत होते. त्यापुढे हमाल, खेचरं आणि विमानातून टाकलेला शिधा. खेचर तर वाहिलेल्या ओझ्यातलं काही स्वतःच खातं. वाट जितकी लांब, तितकं जवानापर्यंत कमी पोचतं. शत्रूला पुढे येऊ दिलं की हीच अडचण त्याच्या गळ्यात पडते.

सीमेपासून इतकी मागे रेषा ओढली तर संसदेत काय गदारोळ होईल, याची त्यांना कल्पना नसेल असं मी मानत नाही. तरी त्यांनी ती ओढली. मार्च 1960 मध्ये लखनौला सरसेनापती थिमय्यांसमोर ‘लाल किला’ या सरावातून ती मांडलीही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना चीनचा धोका पटला नाही. 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, 20 ऑक्टोबरला, थागला कड्याखाली नामका चू नदीच्या काठी आपली ब्रिगेड मोडली. ती रस्त्यापासून दूर होती, सुती गणवेशात होती आणि शत्रू तिच्या डोक्यावर होता.

थोरातांची योजना मानली असती तर आपण जिंकलोच असतो, असं मी म्हणणार नाही. त्या रेषेसाठीही जादा सैन्य लागत होतं, आणि ते मागूनही मिळालं नव्हतं.

तरुण अधिकाऱ्यांना मी हाच प्रश्न सोडवायला देत असे: 1959 चा नेफा, तेव्हाचे रस्ते, तेव्हाचं सैन्य. ज्यांनी रसदीचा परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिला, त्यांची रेषा थोरातांच्या रेषेजवळच येत असे.