कल्याण येईपर्यंत

बदलापूरहून गाडीत बसले, की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी अशी स्टेशने मागे पडतात आणि कल्याण जवळ आले, की मला हटकून यमुना आठवते. १८६५ साली जन्मलेली ही कल्याणची मुलगी नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. माझ्या मुलीला चौदावे सरले आहे, अन् ती अजून वेणी माझ्याकडूनच घालून घेते!

गोपाळरावांनी बायकोला शिकवले, म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो. करावेही, पण त्यांचा हट्ट सोसला तो तिने. १८८३ साली नवऱ्याला मागे ठेवून ती कलकत्त्याहून बोटीत बसली. फिलाडेल्फियाच्या थंडीत शिकली, ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचा अंत झाला; बाविसावा वाढदिवससुद्धा तिला लाभला नाही. तिची रक्षा अमेरिकेत गेली. जिला ती मावशी म्हणे, त्या कार्पेंटरबाईंनी ती पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

परवा हे सारे मी गाडीत लेकीला सांगत होते. ती म्हणाली, "पण ग आई, कल्याणला का नाही आणली?"

मी उत्तर जुळवू लागले, तोच गाडी कल्याणात शिरली आणि उतरणाऱ्यांच्या लोंढ्याने आम्हां दोघींना फलाटावर लोटले.